तंबू, गवती धावपट्टी आणि विमानांचं संग्रहालय: तीन रात्रींचा बेत शेवटाकडून कसा आखायचा

इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात तंबू घेऊन निघणाऱ्या आणि ‘वाटेत विमानंही बघून घेऊ’ म्हणणाऱ्या ओळखीच्यांना मी हे इतक्यांदा तोंडी सांगितलंय, की आता लिहूनच टाकतो. चूक बहुतेकांची एकच. ते सकाळपासून पुढे बेत आखतात: दहाला निघू, बाराला पोहोचू, सहाला परत, मग स्वयंपाक. जुनी विमानं उडवून दाखवतात अशा धावपट्टीवरचा दिवस असा चालत नाही. तिथलं सगळ्यात दुर्मीळ विमान सगळ्यात शेवटी उडतं, तेही वारा पडला तरच. म्हणून बेत त्या शेवटच्या तासापासून मागे मागे आखायचा.

उदाहरणासाठी जोडी घेतलीय ती बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ कलेक्शन या जुन्या विमानांच्या संग्रहाची आणि केंब्रिजशरमधल्या डक्सफर्डच्या इम्पीरियल वॉर म्युझियमची. दोन्हींत गाडीने पाऊण-एक तासाचं अंतर आहे. डक्सफर्डहून ए ५०५ ने रॉयस्टन, बाल्डॉक करत ए १ गाठायचा आणि उत्तरेला बिगल्सवेडकडे वळायचं.

टप्पा १: आधी दोन्ही जागांमधला फरक समजून घ्या

डक्सफर्ड हे मुख्यतः संग्रहालय. तिथे धावपट्टी चालू आहे, खासगी मालकीची जुनी विमानं उडतातही, पण तुम्ही जाता ते मोठमोठ्या हँगरमधून फिरायला. पाऊस असो, वारा असो, तुमचं काही अडत नाही.

ओल्ड वॉर्डन छोटं आहे. गवताची धावपट्टी, ओळीने हँगर, आणि त्यांतली बरीच विमानं आजही उडण्याच्या स्थितीत. पण ‘उडण्याच्या स्थितीत’ म्हणजे ‘तुम्ही जाल त्या दिवशी उडतील’ असं नव्हे. एरवीच्या दिवशी हँगर बघायला मिळतात आणि मेकॅनिक काम करताना दिसतात. उडताना बघायचं असेल तर जाहीर झालेल्या एअर शोच्याच दिवशी जायला हवं. मंगळवारी दुपारी सहज जाऊन ‘काहीच उडालं नाही’ म्हणत परतलेले मी अनेक पाहिलेत.

तपासा: तिकीट काढताना पानावर काय लिहिलंय? नुसता संग्रहालय प्रवेश, की एअर शो? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोचं तिकीट त्या तारखेचंच असतं आणि ते आधी काढून ठेवावं.

टप्पा २: तारीख, मग रात्री, मग कॅम्पसाइट

क्रम हाच ठेवा. लोक आधी आवडती कॅम्पसाइट धरतात आणि मग त्या आठवड्यात शो नाही म्हणून हळहळतात.

शोची तारीख पक्की झाली की तिच्याभोवती तीन रात्री धरा. आदल्या दुपारी पोहोचून तंबू लावायचा. दुसऱ्या दिवशी ओल्ड वॉर्डन. तिसऱ्या दिवशी डक्सफर्ड. चौथ्या सकाळी आवराआवर. दोन रात्रींत बसवायचा मोह होतो, कारण एक रात्र वाचते. पण मग शोच्या किंवा संग्रहालयाच्या दिवशी सकाळी तंबू गुंडाळावा लागतो, दव पडलेलं कापड ओलंच गाडीत कोंबावं लागतं आणि दिवसाची सुरुवातच चिडचिडीने होते.

शक्य असेल तर संध्याकाळचा शो निवडा. वारा दिवसा तापलेल्या जमिनीमुळे वाढतो आणि ऊन उतरल्यावर बऱ्याचदा मंदावतो. १९०९ ते १९१२ च्या काळातल्या विमानांना तोच मुहूर्त चालतो. जूनच्या मध्याला या भागात सूर्य साधारण सव्वानऊनंतर मावळतो, ऑगस्टअखेरीस आठच्या आसपास, सप्टेंबरच्या मध्याला सव्वासातच्या सुमारास. तुमचा शेवटचा तास कधी येणार ते यावरून कळतं.

संग्रहालय आदल्या दिवशी ठेवू नका. डक्सफर्डला सिमेंटच्या फरशीवर पाच-सहा तास चालणं होतं आणि दुसऱ्या दिवशी गवतावर उभं राहायला पाय नको म्हणतात. दुसरं कारण माझ्या मते मोठं आहे. आदल्या संध्याकाळी इंजिन फिरताना पाहिलेलं असलं, की हँगरमधलं उघडं इंजिन निराळंच दिसतं. मुलं तर प्रश्न घेऊनच येतात.

टप्पा ३: कॅम्पसाइटला फोन करून विचारायचे प्रश्न

इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठेही तंबू ठोकता येत नाही. डार्टमूरच्या काही भागाला अपवाद आहे, पण ते इथून फार लांब. म्हणून नोंदणी असलेली साइट हवीच. ए १ किंवा ए ५०५ पासून फार आत नसलेली बघा. रात्री अनोळखी अरुंद रस्त्यांवर झुडपांच्या भिंतींतून गाडी चालवणं थकवणारं असतं.

संकेतस्थळावर लिहिलेलं पुरत नाही. फोन करा आणि विचारा:

- रात्री फाटक किंवा अडसर किती वाजता बंद होतो? कोड असतो का?
- उशिरा आलं तर गाडी बाहेर कुठे लावायची?
- शांततेची वेळ कधी सुरू होते? (बहुतेक ठिकाणी १० किंवा ११.)
- जमिनीपासून उंच ठेवलेली शेगडी चालेल का? उघडा जाळ चालेल का?
- शेवटच्या दिवशी जागा किती वाजेपर्यंत सोडायची?

पहिले दोन प्रश्न विसरलात तर बाकीचे विचारून उपयोग नाही. मी स्वतः पहिल्या खेपेला विसरलो होतो. आमच्या साइटचं फाटक रात्री १० ला बंद होतं असं पाटीवर वाचलं, घाबरून शो अर्धवट सोडला आणि गाड्यांच्या रांगेत उभे असताना झाडांच्या वरून बॉक्सकाइट हे जुन्या घडणीचं विमान तरंगत जाताना पाहिलं, तेही मागच्या काचेतून. साइटवर पोहोचल्यावर कळलं की फाटकाबाहेर उशिरा येणाऱ्यांसाठी वेगळी जागा होती. एका फोनचं काम होतं.

काही एअर शोंना मैदानालगतच तंबूची सोय असते. ती मिळाली तर फाटकाचा प्रश्नच उरत नाही. तिकिटाच्या वेळीच बघा.

टप्पा ४: सामानाचे दोन वेगळे ढीग

सगळं एकाच डिकीत भरलं की धावपट्टीवर दुर्बीण हवी असते आणि ती झोपायच्या पिशव्यांखाली निघते. घरीच दोन ढीग करा.

तंबूचा ढीग तुम्हाला माहीतच आहे. त्यात दोनच गोष्टींची भर. एक, जास्तीच्या मेखा आणि हातोडी. उन्हाळ्याच्या शेवटी तिथली माती दगडासारखी होते आणि पातळ मेखा वाकतात. दोन, गॅसचा प्रकार. ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या किंचित खाली असतो, त्यामुळे थंड पहाटे ब्युटेनची निळी टाकी मरगळल्यासारखी पेटते. सप्टेंबरात जाणार असाल तर प्रोपेन किंवा मिश्रण घ्या. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप राहतो.

मैदानाच्या पिशवीत हे हवं:

- घडीच्या खुर्च्या, अंथरायला जलरोधक चटई
- टोपी, सनक्रीम आणि त्याच पिशवीत जाड स्वेटर. दोन्ही. एकाच दिवशी दोन्ही लागतात.
- लहान मुलांसाठी कानावर बसणारे आवाजरोधक
- दुर्बीण
- पाणी, दुपारचा डबा आणि संध्याकाळचाही डबा

शेवटच्या ओळीवर बोट ठेवून सांगतो. लोक शेवटचा तास घालवतात तो भुकेपायी. ‘साइटवर जाऊन करू काहीतरी’ या वाक्याने सात वाजता उठायला होतं. रात्रीचं जेवण मैदानावरच, थंड, हाताने खाता येईल असं न्या. साइटवर परतल्यावर फक्त चहा करायचा.

छत्री आणि गॅझेबो नेऊ नका. मागच्या लोकांना दिसत नाही आणि वाऱ्याने उडालं तर ते धावपट्टीवर जातं. ड्रोन घरीच ठेवा. चालू विमानतळाभोवती तो उडवायला बंदी असते आणि ती बंदी कागदावरची नाही.

टप्पा ५: तंबू लावताना वारा शिकून घ्या

उजेडात पोहोचा. तंबूची अरुंद, उतरती बाजू वाऱ्याकडे करा, दार आडोशाला. शेजारच्या तंबूपासून साधारण ६ मीटर अंतर ठेवा. आग पसरू नये म्हणून बहुतेक साइटवर तोच नियम असतो.

आता दोन मिनिटं उभे राहून वारा बघा, कारण उद्या हेच कामाला येणार आहे.

- धूर तिरपा जातो पण पानं हलत नाहीत: १ ते ३ नॉट
- पानं सळसळतात, चेहऱ्याला वारा जाणवतो: ४ ते ६ नॉट
- पानं आणि डहाळ्या सतत हलतात, हलका झेंडा उघडतो: ७ ते १०
- कागद उडतात, लहान फांद्या हलतात: ११ ते १६

इंग्लंडमधल्या हवामान अंदाजात वारा बहुधा ताशी मैलांत देतात. १ नॉट म्हणजे ताशी जवळजवळ १.१५ मैल. मेट ऑफिस या तिथल्या हवामान खात्याच्या तासवार अंदाजात सरासरी वाऱ्याशेजारी झोताचा आकडा असतो, तोही बघा. जुन्या विमानाला आणि तुमच्या तंबूला त्रास होतो तो झोताचाच.

सावधान: पाऊस किंवा थंडी आहे म्हणून शेगडी किंवा बार्बेक्यू तंबूत, अगदी तंबूच्या पडवीतही घेऊ नका. विझत आलेले निखारेसुद्धा कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला वास नसतो, आणि झोपेत कळतही नाही.

टप्पा ६: शोची सकाळ

घाई नको, पण दरवाजे उघडताना पोहोचण्याचा प्रयत्न करा. उडणारी विमानं बाहेर काढून ओळीत लावलेली असतात आणि ती जवळून बघायची वेळ हीच. आधी ती, मग हँगर, मग खुर्च्या मांडणं. उलटं केलंत तर ओळीजवळ जायची मुभा संपलेली असते.

निघण्याआधी एवढं बघून घ्या: तंबूच्या दोऱ्या ताणल्यात का, दारं बंद आहेत का, अन्न बाहेर राहिलंय का, फोन भरलेला आहे का. कुत्रा सोबत असेल तर दोन्ही ठिकाणचे नियम आदल्या दिवशीच विचारलेले असावेत. बंद गाडीत किंवा तापलेल्या तंबूत त्याला ठेवणं हा मार्ग नव्हे.

ओळीजवळ वागण्याचे नियम थोडे, पण कडक:

१. पंखांना हात लावू नका. ते धातूचे नाहीत. लाकडी सांगाड्यावर ताणलेलं, वार्निशासारखा थर दिलेलं कापड आहे. बोट टोचलं तरी भोक पडतं.

२. प्रोपेलरच्या रेषेत उभे राहू नका, इंजिन बंद असलं तरी. जुन्या इंजिनांत ठिणगी मॅग्नेटोतून येते, म्हणजे इंजिन फिरलं की स्वतःच वीज तयार करणाऱ्या यंत्रातून; बॅटरीची गरज नसते. कुणी सहज पातं फिरवलं आणि सर्किटमध्ये दोष असला तर इंजिन अचानक सुरू होऊ शकतं.

३. प्लॅस्टिकची पिशवी, टोपी, रिकामा कप, जे वाऱ्याने उडेल ते दाबून ठेवा.

चूक: रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून फुकटात शो बघणं. २२ ऑगस्ट २०१५ ला शोरहॅमच्या शोमध्ये हॉकर हंटर विमान विमानतळाबाहेर ए २७ रस्त्यावर कोसळलं आणि ११ माणसं गेली. त्यानंतर प्रेक्षकांपासूनचं अंतर आणि कसरतींचे नियम आणखी कडक झाले. विमानं पूर्वीपेक्षा थोडी लांब वाटतात ती त्यामुळे. म्हणूनच दुर्बीण.

टप्पा ७: दुपार आणि विंडसॉक

खुर्चीतून विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी काठीवरची कापडी पिशवी, दिसेल अशी जागा घ्या. ती पिशवी पूर्ण आडवी ताणली असेल तर वारा १५ नॉटच्या घरात आहे. अशा वेळी पहिल्या महायुद्धाआधीची विमानं हँगरमध्येच बसणार. ती अर्धी लोंबत असेल तर पहिल्या महायुद्धातली विमानं बघायची आशा धरा. काठीला चिकटून लोळत असेल तर जागा सोडूच नका.

वाऱ्याला एवढं महत्त्व का, ते सांगतो. या विमानांना ब्रेक नसतात, शेपटीखाली चाकाऐवजी बऱ्याचदा लाकडी घसर असते. जमिनीवर वळवायला माणसं पंखांची टोकं धरून सोबत धावतात. उतरायचं ते वाऱ्याच्या तोंडावर, म्हणून त्यांना गवताचं रुंद मैदान लागतं. बाजूचा वारा आला तर वैमानिकाकडे उपाय फार थोडे.

आणखी एक गोष्ट ठाऊक असू द्या, नाहीतर उगाच छातीत धस्स होईल. पहिल्या महायुद्धातल्या काही विमानांत रोटरी इंजिन असतं, म्हणजे सिलिंडरांसकट सगळं इंजिनच प्रोपेलरबरोबर गरगर फिरतं. वेग कमी करायला वैमानिक बटण दाबून ठिणगी क्षणभर तोडतो. उतरताना आवाज ‘बर्रर… शांतता… बर्रर’ असा तुटक येतो. इंजिन बंद पडलेलं नाही, तसंच चालवतात. त्यानंतर हवेत येणारा गोडसर जळका वास एरंडेल तेलाचा. हो, तेच एरंडेल. या इंजिनांत ते वंगण म्हणून वापरतात आणि जळलेलं तेल मागे उडत राहतं.

फोटो काढणाऱ्यांसाठी एकच हिशेब. प्रोपेलर मिनिटाला १२०० फेऱ्या घेत असेल तर १/१०० सेकंदात तो ७२ अंश फिरतो आणि फोटोत छान धूसर दिसतो. १/१००० ला तो जेमतेम ७ अंश फिरतो आणि विमान हवेत बंद पडल्यासारखं दिसतं. जेटला वेगवान शटर, प्रोपेलरला संथ. बाकी सराव.

टप्पा ८: शेवटचा तास

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी ‘हवामान अनुकूल असल्यास’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा निम्मे लोक खुर्च्या गुंडाळू लागतात. तुम्ही स्वेटर घाला आणि बसा.

या तासात बॉक्सकाइट आणि अव्ह्रो ट्रायप्लेनच्या प्रतिकृती उडू शकतात. १९१२ चं ब्लॅकबर्न मोनोप्लेन उडू शकतं, ते उडणाऱ्या ब्रिटिश विमानांत सर्वांत जुनं. १९०९ चं ब्लेरिओ, जे आजही उडू शकणाऱ्या विमानांत जगात सर्वांत जुनं मानतात, ते गोल फेरी मारत नाही; धावपट्टीवरून सरळ, छोटीशी उडी घेतं. ते कळायला हवं, नाहीतर ‘एवढंच?’ असं वाटतं. हेही होऊ शकतं की यातलं काहीच उडणार नाही. घोषणा झाली की वाद घालू नका. झाडांकडे बघा, वारा दिसेल.

शो संपल्यावर लगेच गाडीकडे धावू नका. शेताच्या पार्किंगमधून एकाच फाटकाने सगळे निघतात. अर्धा-पाऊण तास थांबा, उरलेला डबा संपवा, मग निघा. रांगेत इंजिन चालू ठेवून बसण्यापेक्षा हे बरं.

तपासा: निघताना साइटच्या फाटकाचा कोड हाताशी आहे का? टॉर्च गाडीच्या पुढच्या भागात आहे का? तंबूशी पोहोचल्यावर गाडीचे दिवे शेजाऱ्यांच्या तंबूंवर मारत राहू नका. ते झोपलेले असतात.

टप्पा ९: डक्सफर्डचा दिवस

एम ११ च्या १० व्या जंक्शनजवळ. उघडताना पोहोचा. आणि इथे बहुतेक जण करतात ती चूक टाळा: दाराशीच असलेल्या एअरस्पेस हँगरमध्ये काँकॉर्ड हे ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमान दिसतं, लोक तिथे दोन तास रमतात आणि पलीकडच्या टोकाचं अमेरिकन एअर म्युझियम पाय दुखल्यावर, घाईत बघतात. त्या एका छताखाली बी-५२ हे बॉम्बफेकी विमान आहे आणि एसआर-७१ हे टेहळणी विमान देखील. तेव्हा आधी चालत थेट टोकाला जा. मग हँगर एकेक करत परत या. काँकॉर्ड शेवटी, गाडीजवळ.

दुरुस्ती चालणारा हँगर वगळू नका. काल उडताना पाहिलेलं कापड, तारा, लाकूड इथे उघडं दिसतं.

हँगर मोठे, उंच आणि बहुतांश थंड असतात. बाहेर ऊन असलं तरी जाकीट न्या. बूट मऊ तळव्याचे. बाहेर उभी असलेली प्रवासी विमानं पाऊस नसताना उरका. पावसाची सर आली की आत शिरा. प्रेक्षकांची बाजू धावपट्टीच्या उत्तरेला आहे, म्हणजे उडणारी विमानं दक्षिणेला, उन्हासमोर दिसतात. फोटो काळे येतील हे धरून चाला.

चूक: संग्रहालय शांतपणे बघायला डक्सफर्डच्या स्वतःच्या एअर शोचा दिवस निवडणं. त्या दिवशी गर्दी इतकी असते की ना संग्रहालय धड होतं ना शो.

टप्पा १०: आवराआवर

दव वाळायला नऊ-साडेनऊ होतात. साइट सोडायची वेळ त्याआधी असेल तर बाहेरचं कापड वेगळ्या पिशवीत ओलंच भरा आणि घरी पोहोचलात की त्याच दिवशी पसरा. दोन दिवस बंद राहिलं तर बुरशीचे काळे ठिपके धरतात, ते जात नाहीत.

निघण्याआधी मेखा मोजा. जितक्या ठोकल्या तितक्या परत. गवतात राहिलेली एक मेख पुढच्या आठवड्यात गवत कापणाऱ्या यंत्राचं पातं मोडते.